न पडलेलं छत

फणस वाजवून ओळखायचा असतो. बोटांची पेरं मारल्यावर टणक आवाज आला तर कच्चा. बद्द आवाज आला की समजायचं, हा आता फार दिवस झाडावर राहत नाही. पालीजवळच्या आमच्या गावात हे कुणी शिकवत नाही, येतंच. याच विद्येनं मला कोळशाच्या खाणीत गोत्यात आणलं, आणि त्याचं मला जरासुद्धा वाईट वाटत नाही.

गावातले सगळे मुंबईला गेले, मी उलटा चंद्रपूरकडे, जमिनीखाली. आधी टोपलीनं कोळसा भरला. डोक्यावरून वाहायचा नि डब्यात ओतायचा, मानेचा पार भुगा. मग यंत्र आलं. एसडीएल म्हणायचो त्याला. पोकलेनसारखं पट्ट्यांवर चालायचं, सुरुंगानं पाडलेला कोळसा बकेटनं उचलायचं आणि बाजूला वळवून कन्व्हेयरवर ओतायचं. ते माझ्या हाती आलं तेव्हा मी राजाच झालो. त्याची विजेची जाड केबल पट्ट्यांखाली येऊ नये म्हणून एक माणूस ती धरून मागे चालायचा. माझ्या केबलवाल्याला नुकतीच मुलगी झाली होती. दिवसभर तेच पुराण.

एका पाळीला कोळसा पाडून झाला होता, पण वरच्या दगडाला टेकू लागले नव्हते. शेवटच्या टेकूपुढे कुणी जायचं नाही, हा नियम. आमच्या पाळीचा साहेब, ओव्हरमन, म्हणाला, "घाल आत. टेकू लावू मागाहून."

मी शेवटच्या टेकूखाली उभं राहून पहारीनं पुढचं छत वाजवलं. बद्द.

"पिकलंय," मी म्हटलं.

"फणस आहे काय बे?" साहेब म्हणाला, नि सगळे हसले. केबलवालाही हसला. "चाल ना भाऊ, दहा मिनिटांचं तर काम हाय."

केबल धरून माझ्यामागे आत येणार हा, पडलं तर याच्याही डोक्यावर, आणि हाच मला चाल म्हणत होता. माझं डोकंच फिरलं. यंत्र बंद केलं, बकेट खाली टेकवली आणि तिच्यात जाऊन बसलो. म्हटलं, न्यायचं तर माझ्यासकट न्या.

"यंत्रावरून काढीन. परत टोपली देईन हातात."

"द्या."

पाळी संपेपर्यंत हललो नाही.

छत पडलं नाही. पुढच्या पाळीत तिथे गुपचूप टेकू लागले. माझ्या हातात टोपली आली ती शेवटपर्यंत.

आता घरी फणसाचे दिवस आले की माझा भाऊ पाहुण्यांना रंगवून सांगतो, "ह्यानं नोकरीची वाट लावलीन, नि छत काय पडलंच नाय."

या मे महिन्यात केबलवाला बायको-मुलीला आरे-वारेचा समुद्र दाखवायला आला आणि आमच्याकडेच उतरला. मुलगी कॉलेजात आहे. जेवताना भावानं त्यांच्यासमोरही तेच काढलं.

मी म्हटलं, "आम्ही आत गेलो असतो नि ते पडलं असतं, तर मी खरा ठरलो असतो, नि ही पोर आज बापाशिवाय जेवायला बसली असती. मला खोटाच राहू दे."

मी मुलीच्या पानात आणखी चार गरे वाढले.