टिटवी जिथं ओरडते

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी नांदेडहून अर्धापूरला मामाच्या केळीच्या बागेत इतक्यांदा गेले की बसचा कंडक्टरही ओळखायला लागला होता. पिशवीत सेन्सरचे वीस डबे असायचे. बागेच्या बांधाला एक लांडोर अंडी घालायची. आदल्या वर्षी ती अंडी कुणीतरी पळवली, आणि मामाला ते फार लागलं होतं. माझा प्रोजेक्ट त्यासाठीच होता. घरट्याजवळ कुणी फिरकलं की तिथला डबा शेजारच्या डब्याला कळवणार, तो पुढच्याला, असं करत निरोप आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, मामाच्या मोबाईलपर्यंत पोचणार.

मामाची अट एकच. "आधी दुसरीकडं करून दाव. तुझ्याच डब्यांनी चोराला वाट दावली तर?"

मी हसले. निरोप कुलूपबंद होता, कुणाच्या बापाला वाचता आला नसता! घरट्याऐवजी एक डबा केळीत लपवून तिथून निरोप सोडले, चोर म्हणून वर्गमैत्रिणीला आणलं आणि तिच्या हातात डब्यांचे सिग्नल पकडणारा अँटेना दिला. तिनं काही वाचलंच नाही. आता कुठला डबा बोलला, त्याच्या आधी कुठला, एवढंच बघत ती मागंमागं गेली आणि वीस मिनिटांत त्या लपवलेल्या डब्यापाशी उभी राहिली. माझं तोंड बघण्यासारखं झालं.

"न्हाई जमायचं," मामा म्हणाला. "काढ हे समदं."

रडकुंडीला येऊन शेजारच्या पडीक रानातून निघाले, तर डोक्यावर टिटवी ओरडत सुटली. इथंच हिची अंडी असणार म्हणून मी पाऊल जपून टाकायला लागले.

"अगं, ती बोंबलून राहिली तिथं अंडी नसत्यात," मागून मामा म्हणाला. "अंड्यावरनं गपचिप उठती, लांब जाती, मंग बोंबलती."

मी जागेवरच उडी मारली! पुढचा आठवडा मला जेवणखाण सुचलं नाही. आता निरोप आधी चार-पाच भलत्याच डब्यांत भटकायचा आणि मग आखाड्याची वाट धरायचा. शिवाय लांबचे डबे काही घडलेलं नसताना उगाच बोलत राहायचे.

डबा नव्या जागी लपवला आणि मैत्रिणीला एक तास दिला. पन्नास मिनिटं झाली तरी ती भलत्याच कोपऱ्यात वाळलेली पानं उचकत होती. मला आनंद आवरेना. "जमलं, जमलं!" करत मी पळत सुटले, ते थेट लपवलेल्या डब्याकडं. मैत्रिणीनं मान वर केली. मामा जोरात खाकरला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तशीच वळले आणि घसा फुटेस्तोवर ओरडत विहिरीकडं धावले. मैत्रीण माझ्यामागं आली. तास संपला तेव्हा ती विहिरीच्या कडेचं गवत चाचपत होती.

मामा हसत आला. "डबे बी शिकले, तू बी शिकलीस. आण ते डबे, लांडोरीकडं जाऊ. पण आता गप चल."