एकोणीसवर अडवलं, नऊवर सोडलं

वीसपैकी एकोणीस मार्क पाहून खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण लॉग उघडला आणि कपाळाला हात लावला.

मी दादरला एका ऑनलाइन कॉलेजची अ‍ॅडमिशन काउन्सेलर. म्हणजे फॉर्म भरायच्या आधी ‘हे तुम्हाला झेपेल का’ असं विचारणारी बाई. नुसतं विचारून कोणी खरं सांगत नाही, म्हणून आम्ही आठवडाभराचा डेमो देतो. तीन लेक्चर आणि एक असाइनमेंट. कोण कधी लॉगिन झालं, किती वेळ बसलं, ते लॉगमध्ये दिसतं.

हे मार्क सुषमाताई जाधवांचे. राहायला काळाचौकीला, नोकरी परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्ड क्लार्कची. सीनियर क्लार्कच्या प्रमोशनला डिग्री लागते. यंदा अ‍ॅडमिशन घेतलं तरच त्या वयाच्या अटीत बसणार होत्या.

लॉगमध्ये तिन्ही लेक्चर भर दुपारची, असाइनमेंट सकाळी अकराला सबमिट. त्या वेळी बाई ड्यूटीवर! आमचे अ‍ॅडमिशन हेड सर म्हणाले, मार्क आहेत ना, मग क्लिअर कर. मी शनिवारपर्यंत मुदत मागितली. तोंड वाकडं करून त्यांनी दिली.

ताईंना बोलावून विचारलं, तर त्यांनी काहीच लपवलं नाही. लेक्चर मिस्टरांनी ऐकली, नोट्स नणंदेनं काढल्या, असाइनमेंट बारावीतल्या लेकीनं टाइप केली. त्यांच्याकडे बारसं असो की आजारपण, कामं अशीच वाटून होतात. यात काही चुकतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, हेवा वाटला. माझ्या एम.ए.च्या वेळी घरात कोणी साधं पेन शोधून दिलं नव्हतं.

“ताई, तुमचं घर कोर्सला तयार आहे,” मी म्हटलं. “तुम्ही आहात का, तेच कळत नाही.”

त्यांचे डोळे भरले. “मॅडम, वीस वर्षांत पेपर लिहिला नाही हो. नापास झाले तर लेकीला काय तोंड दाखवू?”

मी डेमो रीसेट केला. घरच्यांना निरोप दिला, मदत करायचीय ना, मग डबे करा, भांडी घासा, पण लॅपटॉपला हात लावू नका.

शनिवारी लॉग पाहिला. रोज पहाटे पाच ते साडेसहा. मार्क नऊ, पासिंगला आठ लागतात. ड्यूटीवर जाता जाता ताई ऑफिसात आल्या.

“नऊच पडले,” त्या म्हणाल्या. “पण सगळे माझे आहेत.”

मी तिथल्या तिथे क्लिअर केलं. सर माझ्याकडे बघतच राहिले. एकोणीसवर अडवतेस आणि नऊवर सोडतेस, हा काय प्रकार आहे, म्हणाले. मी म्हटलं, परीक्षेला घरचे बसणार नाहीत, सर.

पहिल्या सेमिस्टरला ताईंचा एक विषय राहिला, दुसऱ्या वेळी सुटला. आता मी डेमोच्या आधीच विचारते, घरी मदतीला कोण आहे? कोणीच नाही म्हणाले तर काळजी वाटते. सगळेच आहेत म्हणाले तर जास्त वाटते.