आतोबांचं वारा-शिबिर

आमचे आतोबा जमिनीवर राहत होते ते केवळ नाइलाजानं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. साताऱ्याच्या पूर्वेला, जिथं पाऊस वाट चुकल्यासारखा येतो आणि वारा मात्र वर्षभर मुक्कामाला असतो, अशा कोरड्या मुलखातलं त्यांचं गाव. गावात घरटी एक माणूस पलटणीत. आरमारात गेलेले आतोबा तेवढे एकटे, त्यामुळं गाव त्यांना पुरतं फौजी धरतच नसे. पारावर पेन्शनर सुभेदारांच्या लढाईच्या गोष्टी रंगात आल्या आणि आतोबांनी मध्ये तोंड घातलं, की कुणीतरी म्हणायचंच, "तुमी गप बसा बोटवाले, तुमची लढाई माशांसंगं." आतोबा गप बसायचे, पण हसत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी त्याच गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि आत्याकडंच उतरलो. म्हणून हा माणूस मला चोवीस तास पाहायला मिळाला.

सकाळी उठल्यावर माणसं देवाचं नाव घेतात. आतोबा बोट तोंडात घालून ओलं करायचे, अंगणात जाऊन ते आभाळाकडं धरायचे आणि ज्या बाजूनं गार लागेल तिकडं तोंड करून सांगायचे, "आज नैर्ऋत्येचा हाय. जरा लहरी दिसतोय." दारी आलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसा सूर. फडताळातल्या डब्यांपुढं त्यांनी आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या, का, तर घर डुललं तर डबे पडू नयेत. "घर कुटं डुलतंय? तुमीच डुलताय," असं म्हणून आत्या त्या पट्ट्यांवरनं हात वाकडा करकरून मीठमिरची काढायची. जेवताना ताटाला डावा हात लावून ठेवायची सवय तर त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. आणि एवढं सगळं करून, वीसेक वर्षांच्या नोकरीत त्यांनी समुद्र पाहिला होता फार थोडा. ते इंजिनखोलीत होते. वर लाटा उसळत असताना खाली आतोबा तेल आणि घामानं निथळत चाकांचा आवाज ऐकत बसायचे.

पण एकदा परदेशातल्या कुठल्याशा बंदरात बोट उभी असताना ते सुटीच्या वेळी वर आले आणि त्यांनी ते पाहिलं. एक गोरा पोरगा फळीवर उभा होता, फळीवर एक डोलकाठी, तिला शीड, आणि शीड दोन्ही हातांत धरून तो पाण्यावरनं चालला होता. "आपुन बांधावरनं जातो तसा रं मास्तर! ना इंजिन, ना वल्हं. नुसतं वाऱ्याला धरून!" आतोबा त्या दिवशी जेवले नाहीत. पेन्शन घेऊन आले ते डोक्यात ती फळी घेऊनच.

गावाच्या वरच्या अंगाला इंग्रजांच्या काळातला तलाव आहे. दुष्काळात त्याच्या तळाला माणूस मावेल एवढ्या भेगा पडल्या होत्या. आता तो काठोकाठ भरला होता. आषाढ-श्रावणात त्याच्यावरनं जो वारा सुटतो तो डोक्यावरचं मुंडासं नेतो. आतोबांनी आधी गोठ्याचं दार पाण्यात घालून पाहिलं. ते बुडालं, आणि नवं दार होईपर्यंत म्हैस उघड्या गोठ्यात राहिली. मग सुताराला गाठून त्यांनी सावरीच्या हलक्या लाकडाची फळी करवली, तिच्या सांध्यांत डांबर भरलं. डोलकाठीला सरळ कळकाचा बांबू, तो सगळीकडं वळावा म्हणून बुडाशी ट्रकच्या टायरचं रबर, हातात धरायला वाकवलेल्या कळकाच्या दोन कांबी आणि शिडाला लग्नाच्या मांडवाचं तांबडं-पांढरं पट्ट्यांचं कापड. ते उभं राहिलं तेव्हा तलावात कुणाचं तरी लग्न निघालंय असं वाटायचं. मग त्यांनी पारावर जाहीर केलं, दर रविवारी सकाळी वारा-शिबिर. फुकट. पोहता येणारा कुणीही यावा.

आले, बरेच आले. बाजारापेक्षा करमणूक बरी म्हणून आले. आतोबा आधी खळ्यावर कवायत घ्यायचे. फळी भुशाच्या पोत्यावर ठेवायची, तिच्यावर उभं राहायचं, "गुडघं नरम! ढुंगान मागं! नदर म्होरं!" हे सगळे बिनचूक करायचे. पाण्यात गेलं की मात्र एकच चूक सगळे करायचे, आणि ती चूक आमच्याच मुलखातली माणसं करू जाणोत. वारा जोरात आला की शीड पुढं ओढ घेतं. अशा वेळी मागचा हात सोडायचा, शीड आपोआप शांत होतं. पण आमची माणसं जन्मापासनं बैलाचा कासरा धरलेली. बैल उधळला की कासरा सोडायचा नाही, आणखी घट्ट धरायचा, हे आईच्या दुधाबरोबर अंगात गेलेलं. शिडानं ओढ घेतली की हे "हो हो, हां हां" करत ताकदीनं मागं खेचायचे आणि दुसऱ्या क्षणी शिडासकट पलीकडं पाण्यात. गावच्या पैलवानानं तर खाली वाकून कुस्तीतल्यासारखा डोलकाठीचाच पट काढला. काठावरनं आतोबा घसा फोडून ओरडायचे, "सोडा! आरं सोडा गड्यांनो, ह्यो बैल न्हाई!" पैलवान बुडबुडे काढत वर यायचा आणि म्हणायचा, "सुटतच न्हाई ओ बोटवाले."

मी भित्रा माणूस. मला उभं राहणं कधी जमलंच नाही. पण शीड उतरवलेल्या फळीवर उताणं पडून राहायला मला फार आवडायचं. ढग जायचे, फळी आपल्या मनानं कुठंतरी निघालेली असायची, कानाखाली पाणी चुबूकचुबूक बोलायचं आणि लांब काठावर कुणाची तरी म्हैस हंबरायची. आपण मास्तर आहोत, उद्या सोमवार आहे, हे सगळं विरघळून जायचं. इतकं सुख मला नंतर कशात मिळालं नाही, हे मी आजही कबूल करतो.

असाच एकदा भिजून काठावर वाळत बसलो असताना मी सहज विचारलं, "आतोबा, तुम्ही स्वतः का नाही करून दाखवत?"  ते पाण्याकडं बघत हळूच म्हणाले, "मास्तर, मी कवाच उभा ऱ्हायलो न्हाई त्येच्यावर. निस्तं लांबनं बघितलंय." मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. "तुजी आत्या हिकडं येत न्हाई, बघतोस न्हवं? म्हंती, पान्यानं माजी वीस वर्सं न्हेली, मी त्येचं तोंड बघनार न्हाई. खरं हाय तिचं. शेतकऱ्याची बायकू नवऱ्याला औतामागं बघती. हिनं मला काय बघितलं? टरंक सोडताना आन टरंक बांधताना. एकदा, एकदाच, तिनं मला पान्यावर बघावं. पर ती काठावर असताना मी पडलो तर?" तेव्हा मला ह्या शिबिराचा अर्थ कळला. साऱ्या गावाला शिकवता शिकवता ते स्वतः धीर गोळा करत होते.

श्रावण संपत आला. पुढच्या आठवड्यात वारा पडेल, असं आतोबांचं बोट सांगत होतं. त्यांनी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "भाकरी द्याया यीन. पानी बघाया न्हाई." आणि खरंच ती आली, फडक्यात भाकरी बांधून, आणि तलावाच्या बांधावर पाण्याकडं पाठ करून, खालच्या बाजरीकडं तोंड करून बसली. आतोबा धोतराचा काच्या मारून पाण्यात उतरले. एकदा पडले. दुसऱ्यांदा पडले. पेन्शनर सुभेदार हसले. आत्याची पाठ तशीच. तिसऱ्यांदा आतोबा गुडघ्यांवर उठले, मग पायांवर, शीड हळूहळू पाण्यातनं निथळत वर आलं आणि तेवढ्यात सोसाट्याचा वारा आला.

आम्ही सगळे काठावरनं एकसुरात ओरडलो, "सोडा! बोटवाले, सोडा!" आतोबांनी सोडलं नाही. साऱ्या गावाला सोडायला शिकवणारा माणूस शेवटी शेतकऱ्याचाच पोरगा. दोन्ही मुठी आवळून, पेन्शनीत सुटलेलं, गावभर चेष्टेचा विषय झालेलं पोट घेऊन ते मागं असे रेलले, की वाऱ्याचं आणि त्यांचं वजन बरोबर जुळलं, आणि फळी सुटली. तांबडं-पांढरं शीड भरलं, पाण्यावर पांढरी रेघ उमटत गेली. कुणी ओरडेना. आमचा सगळा गलका थांबला म्हणून असेल, किंवा तिला राहवलं नसेल, आत्या वळली. मग उभी राहिली. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडाला, तो तिनं सावरला नाही. आतोबा लहान लहान होत थेट पलीकडच्या काठाला गेले आणि तिथल्या चिखलात जाऊन पडले.

फळी वळवायची कशी हे त्यांनाही माहीत नव्हतं, त्यामुळं परत यायचं चालतच. त्यांना आणायला आम्ही तलावाला वळसा घालून निघालो, तेव्हा सगळ्यांच्या पुढं आत्या होती.

आता दोघंही नाहीत. शिबिरातनं कुणी तयार झालं असंही नाही. दोन उन्हाळ्यांत फळीच्या सांध्यातलं डांबर वितळून गेलं आणि आतोबांनी ते पुन्हा भरलं नाही. मला आठवते ती त्या दिवशीची परतीची वाट. त्या काळी आमच्याकडं नवरा पुढं चालायचा आणि बायको बरीच मागं. त्या दिवशी फळी पुढनं आतोबांनी धरली होती आणि मागनं आत्यानं, त्यामुळं अंतर पडायची सोयच नव्हती. मी ओलं शीड खांद्यावर टाकून त्यांच्यामागं चाललो होतो. आत्यानं विचारलं, "समुद्रावर असंच असतंय?"

"न्हाई. तितं पल्याडचा काठ दिसत न्हाई."

"मग तुमाला वो कसं कळायचं, कुटं परत यायचं?"

आतोबा मागं न बघता म्हणाले, "तू हितं हायस, येवढं ठावं असायचं."

 वाटेत दोन-तीनदा आतोबांनी विचारलं, जड होतीय का, जरा टेकूया का. पण घर येईपर्यंत तिनं फळी खाली ठेवू दिली नाही.