कुत्रं सोडायचं ठिकाण

आमच्या कॉलनीत कोणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येतो. धरणाच्या पाण्यात गाव गेलं, भंडारा शहराच्या कडेला आम्हाला प्लॉट मिळाले, तेव्हापासून मी इतके अर्ज लिहिलेत की कचेरीतले बाबू माझं अक्षर लांबून ओळखतात. म्हणूनच ही चूक माझ्या हातून झाली, हे सांगायची मला आजही लाज वाटते.

मागच्या उन्हाळ्यात नगरपालिकेची कुत्री पकडायची गाडी कॉलनीत आली. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, खूण म्हणून कानाचं टोक कापायचं आणि चार-पाच दिवसांनी कुत्रं जिथलं तिथं आणून सोडायचं, असा नियम. पाळलेल्या कुत्र्यासाठी घरच्यांनी एक कागद भरून द्यायचा होता. मायचं तांबडं कुत्रं मीच गाडीत चढवलं. तिला ते पसंत नव्हतं. "चांगल्या जीवाचा कान कायले कापता?" एवढं बोलून ती आत गेली. मी मागोमाग जाऊन तिला नियम समजावत बसलो. नियम समजावायची मला हौसच आहे.

ते कुत्रं कॉलनीतलंच, पाण्याच्या टाकीखाली जन्मलेलं. जुनं गाव त्यानं कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनाही नाही, वडील गेले ते गाव उठायच्या आदल्या वर्षी, तिकडेच. इथं आल्यावर माय कोणाच्या दारात बसली नाही, कोणाशी दोन शब्द जास्त बोलली नाही. बोलायची ती त्या कुत्र्याशी.

सहाव्या दिवशी कॉलनीतली बाकीची कुत्री परत आली, आमचं आलं नाही. मायनं ताट सरकवलं. दोन दिवस नुसता चहा. शेवटी मी तावातावानं गाडीवाल्याला गाठलं. त्यानं शांतपणे माझाच कागद माझ्यापुढे धरला. कुत्रं सोडायचं ठिकाण म्हणून जुनं गाव लिहिलं होतं, मारुतीच्या देवळामागे, जुन्या घराच्या नंबरासकट. इतकी वर्षं बुडालेल्या घराचे अर्ज लिहून हाताला तीच सवय लागली होती, आणि मी न वाचता सही ठोकली होती.

"काकाजी, आमी विचारत विचारत गेलो," तो म्हणाला. "सडक पाण्यापाशीच संपते. घर काही दिसलं नाही, वापस आनाव म्हनलं. पन पिंजरा उघडला त कुत्रं उतरलं आन सरळ चालत गेलं. जसं काही त्याले ठाऊक होतं."

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. ऑटो बोलावली, तर माझ्या आधी तीच जाऊन बसली.

भर दुपारी पोचलो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि गाव थोडं वर येतं. दारं, लाकडं, छपराचे कवेलू आम्हीच काढून नेले होते आणि मातीच्या भिंती विरघळल्या होत्या. राहिले होते दगडी ओटे आणि भेगा पडलेला गाळ. कुठे पाखरूही बोलत नव्हतं. देवळाचा चबुतरा ओलांडला आणि माझे पाय थांबले.

कितीतरी ओटे उघडे पडले होते. कुत्रं आमच्याच ओट्यावर बसलं होतं, डाव्या अंगाला, वडील जिथं बसायचे त्याच्या शेजारी. मी 'यू यू' केलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान लांब करून, डोळे अर्धे मिटून ते बसलं होतं, आणि त्याचा कापलेला कान मागे दबत होता, सुटत होता, पुन्हा दबत होता. कानामागे कोणी खाजवून दिलं की कुत्री करतात तसं. वारा म्हणावा, तर काठावरचं गवत हलत नव्हतं. पुढं जायची हिंमत झाली नाही, हे कबूल करतो.

माय गेली. ओट्यापासून दोन हातांवर थांबली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. वडिलांसमोर ती नेहमी करायची तसा.

"हळू जी," ती म्हणाली. "कान नवाच कापला हाय त्याचा."

कान दबायचा थांबला.

"आता सोडा त्याले. मले तिकडं कोनी नाही."

मी चार पावलांवर उभा होतो. तिनं ते माझ्यादेखत म्हटलं.

कुत्रं उठलं, अंग झटकलं आणि मुकाट्यानं तिच्या पायाशी आलं. ऑटोपर्यंत ती एकदाही मागे वळली नाही.

"माय, इथं यायचं तू कधी म्हनलं नाही," मी वाटेत विचारलं.

"कवा म्हनू? तू त अर्जच लिवून राहिला होता."

रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिला सोसवणार नाही म्हणून मी तिला कधी तिकडं नेलं नव्हतं. खरं तर मलाच सोसवत नव्हतं. कुत्रं आमच्या दोघांच्या मधे पडून होतं आणि त्याचा तो कान अगदी थंड लागत होता.

त्या दिवशी ती जेवली. मी वाढलं, आणि ती उठेपर्यंत समोर बसून राहिलो.