मागच्या भिंतीचं जंगल, पुढच्या दारातून

मुलुंडच्या आमच्या सोसायटीची मागची भिंत नॅशनल पार्कच्या जंगलाला लागून आहे. गेल्या आठवड्यात कॅमेऱ्यात त्या भिंतीवर बिबट्या दिसला आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. 'बिबट्याला पकडून न्या' असा अर्ज तयार झाला. सगळ्यांनी सह्या केल्या, राहिली फक्त माझी, म्हणजे सेक्रेटरीची. म्हटलं, ज्याला घराबाहेर काढायचं त्याचं घर तरी आधी बघून येऊ. वीस वर्षं शेजारी राहून मी आत पाऊल टाकलं नव्हतं.

रविवारी शेजारच्या माधुरीला घेऊन बोरीवलीला पार्कचं मुख्य गेट गाठलं. घोडबंदरमार्गे बसने दोन तास धरा. पार्कचं तिकीट शंभराच्या आसपास, आणि सोमवारी बंद असतं. गेटवर भाड्याने सायकली मिळतात, पण गुडघ्यांचा विचार करून आम्ही चालतच निघालो.

पार्कची आखणी मला फार आवडली. सुरुवातीला सगळं बागेसारखं, सरळ रस्ता, कठडे, बाकं, तळ्यात बोटी. मग कठडे संपतात, बाकं विरळ होतात, रस्ता वळणं घेतो आणि आपला आवाज आपसूक खाली येतो. माधुरीसुद्धा कुजबुजायला लागली, म्हणजे बघा. झाडीत चितळं चरत होती. बाग नेमकी कुठे संपली ते कळलंच नाही. आमच्याकडे मधे नुसती एक भिंत.

कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर जंगलातल्याच पाड्यातल्या एक मावशी तिखटमीठ लावून काकडी विकत होत्या. बिबट्याची भीती नाही वाटत का, मी विचारलं. अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडत नाही, एवढंच म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडं कुत्री किती?"

"सात-आठ. मागच्या भिंतीपाशीच असतात."

"तिथं खायला कोण घालतं?"

माधुरीने माझ्याकडे पाहिलं, मी काकडीकडे.

शेवटची पोळी कुत्र्याची, ही सासूबाईंची शिकवण. त्या गेल्यापासून मी ती रोज त्या भिंतीपाशी ठेवते. माझं बघून आणखी चार घरांनी सुरू केलं.

"तो कुत्र्यासाठी येतो, बाई," मावशी म्हणाल्या. "हा नेला तर दुसरा येईल."

परतीच्या बसमध्ये माधुरीने विचारलं, "मग गं, अर्जाचं काय?" "आधी पोळीचं बघते," मी म्हटलं. लाज मात्र खूप वाटली.

सोमवारी सकाळी शेवटची पोळी भाजून खाली उतरले. कुत्री भिंतीपाशी वाट बघत होती. पोळी दाखवत त्यांना पुढच्या मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं; ती निमूट मागून आली. अर्ज टेबलावर आहे, सहीविना. संध्याकाळी मीटिंग आहे, आणि सगळ्यांत आधी मला सांगायचंय की बिबट्याला रोज जेवायला मीच बोलावत होते.