आमची बॅटरीवाली

माणूस बॅटरी कुठं धरतो त्यावरून तो कसा आहे ते मला कळतं. मी गाडीखाली पाठीवर पडलेला, हात वर, आणि बाजूला कुणीतरी उजेड धरून बसलेलं, असं माझं सगळं आयुष्य गेलं. बहुतेक माणसं स्वतःला जिथं बघायचंय तिथं उजेड पाडतात. काही जण थेट डोळ्यांत मारतात आणि वर विचारतात, "दिसतंय का?" माझी बायको माझ्या हाताच्या वीतभर पुढं उजेड धरायची. माझा पाना या नटावर, तर उजेड पुढच्या नटावर जाऊन थांबलेला. बोलावं लागायचं नाही. म्हणून मी तिला बॅटरीवाली म्हणायचो. ती म्हणायची, "आणि तुम्ही? लोळणारे."

मी सातवी शिकलेला माणूस. सांगलीकडं ट्रकच्या गॅरेजात हात काळे करण्यात उमर गेली. मुलगा शिकला, अमेरिकेत आला, एडिसनला घर घेतलं आणि म्हातारपणी आम्हाला बोलावून घेतलं. इथं आमच्या वयाची माणसं देवळात जातात, नातवंडं सांभाळतात, पार्कात बसून गुडघ्यांबद्दल बोलतात. आम्ही दोघांनी गाडी सांभाळली.

गाडी मुलाची. अमेरिकन, बुटकी, रुंद, आठ सिलिंडरची, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. लग्नाआधी त्यानं हौसेनं घेतली होती. पोरं झाल्यावर उंच गाडी आली आणि ही दारात धूळ खात पडली. बॅटरीवालीनं एक दिवस सरळ सांगितलं, "ही मला द्या. मी शिकते."

मुलगा हसला. "आई, ही रेसची गाडी आहे. बर्फात मागून घसरते."

"घसरू दे. गावाकडच्या चिखलात मी काय कमी घसरले?"

शिकली आणि परीक्षाही पास झाली. बर्फाचे दिवस आले तेव्हा मागची चाकं घसरू नयेत म्हणून तिनं डिकीत तांदळाची पोती टाकली. मी म्हटलं, दुकानात वाळूच्या पिशव्या मिळतात. ती म्हणाली, "वाळू कोण खाणार? वजनाला तांदूळ, आणि थंडी सरली की भात." हिवाळाभर ते तांदूळ मागच्या चाकांवर बसून फिरायचे आणि वसंतात आम्ही ते खायचो. शेजारच्या पुण्याच्या काकूंनी हसून घेतलं, पण पुढच्या थंडीत त्यांच्याही गाडीत पोतं दिसलं.

चालवायची मात्र अगदी जपून. पदर खोचून, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कुणाला हॉर्न नाही. फक्त हायवेला चढताना एकदा पाय दाबायची. गाडी डरकाळी फोडायची, आमची डोकी मागं टेकायची. मग पाय काढून म्हणायची, "झालं. दर्शन झालं." त्यानंतर घरापर्यंत बैलगाडी. दर वेळी तेच. मी रागवायचो, पेट्रोल जातं म्हणून. ती म्हणायची, "देवळात घंटा एकदाच वाजवतो ना आपण? तसंच."

गाडीचं सगळं काम आम्हीच करायचो. ऑइल, ब्रेक, प्लग, सगळं. मी खोलायचो आणि ती सुटे नट-बोल्ट ठेवायची. त्यासाठी तिनं स्वयंपाकघरातला जुना मसाल्याचा डबा गॅरेजात आणला होता, सात वाट्यांचा. मी हात लांब केला की ती विचारायची, "मोहरीतला की जिऱ्यातला?" मला वाटायचं, नावं द्यायची हौस आहे बाईला. मी म्हणायचो, "बोल्ट दे, आमटी नाही करायची." ती हसायची आणि बरोबर तोच बोल्ट तळहातावर ठेवायची. चुकली कधीच नाही, म्हणून मीही कधी विचारलं नाही की कुठल्या वाटीत काय ठेवतेस.

काम झालं की पहिली फेरी तिची. हा तिचा कायदा. "दुरुस्त करणाऱ्यानं आत बसू नये," ती म्हणायची. "आत बसलं की मनाला हवं तेच ऐकू येतं. तुम्ही बाहेर उभे राहा." मी रस्त्याच्या कडेला कान देऊन उभा. ती गल्लीच्या टोकाला जाऊन वळायची, माझ्यासमोरून जोरात जायची, परत यायची. मग काच खाली करून टॅक्सीवाल्यासारखं विचारायची, "कुठं जायचं, साहेब?" मी म्हणायचो, "मंडईत." आणि आम्ही ओक ट्री रोडला भाजीला जायचो.

गेल्या उन्हाळ्यात गाडी मागून रडायला लागली. वेग घेतला की बारीक आवाज, पोर कण्हतं तसा. बॅटरीवालीनंच आधी ओळखला. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, डिफरन्सल म्हणतात त्याला. इंजिनाची ताकद तो दोन्ही चाकांना वाटून देतो. त्याचं बेअरिंग गेलं होतं. गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली, मफलर उतरवला, उष्णता अडवणारा पत्रा काढला, लांब शाफ्ट काढला आणि शेवटी गोळा खाली घेतला. तिनं सगळे बोल्ट डब्यात लावले. मुलानं गोळा वर्कशॉपमध्ये नेऊन नवं बेअरिंग बसवून आणलं.

परत लावायच्या दिवशी मी खाली शिरून जागा पुसत होतो. ती उजेड धरून बसली होती. म्हणाली, "चहा टाकते. मग एकदमच बसू." बॅटरी जमिनीवर ठेवली, चालूच ठेवली, आणि आत गेली. मी वाट बघितली. हाक मारली. चहा आलाच नाही. आत गेलो, तर ती ओट्यापाशी पडली होती. ॲम्ब्युलन्स लगेच आली, इथं लगेच येते. पण उपयोग झाला नाही.

गाडी तशीच घोड्यांवर राहिली. झाडं लाल झाली, पानं गळली. मुलगा वाईट नाही, पण एक दिवस म्हणाला, "बाबा, थंडीच्या आत गाडी काढून टाकू. गाडी ओढून नेणाऱ्या टोवाल्याशी बोललोय, पुढच्या आठवड्यात येईल. ती तशी बघवत नाही मला."

मी म्हटलं, "जोडतो. चालली तर ठेव. नाही चालली तर ने."

डबा उघडला आणि बसलो. काय आधी सुटलं ते मला ठाऊक होतं. कुठल्या वाटीत काय, ते तिला ठाऊक होतं. बोल्ट दिसायला सगळे भाऊ-भाऊ, लांबीत जरासा फरक. पण भलत्या भोकात जोर लावला तर आतलं ॲल्युमिनियम फुटतं, मग ती गाडी भंगारच. मुलगा म्हणाला, "इंटरनेटवर चित्र असेल. काढून देऊ?" मी नको म्हटलं. मला इंग्रजी वाचता येत नाही हे एक. आणि तिनं ठेवलेलं मला दुसऱ्या कुणाला विचारून लावायचं नव्हतं. डबा परत झाकला.

ती गेल्यावर मी स्वयंपाकाला हात घातला होता. सून नोकरीला जाते, दुपारी घरात मी एकटा. रविवारी सूनबाई मला वरण फोडणीला टाकायला शिकवत होती. मी तेलात आधी हळद टाकली. ती ओरडली, "बाबा, करपली! आधी मोहरी. ती तडतडली की जिरं. मग हळद. तिखट सगळ्यांत शेवटी."

मी चमचा खाली ठेवला.

"काय झालं, बाबा? भाजलं का?"

मी ओट्यावरचा मसाल्याचा डबा उचलला आणि तसाच गॅरेजात गेलो. सूनबाईनं सासूची मांडणी हलवली नव्हती. दोन्ही डबे शेजारी ठेवले. मोहरी जिथं, तिथं इकडं मफलरचे बोल्ट. जिऱ्याच्या जागी पत्र्याचे. हळदीच्या जागी शाफ्टचे. तिखटाच्या जागी गोळ्याचे. जे आधी सुटलं ते मोहरीत. एवढी वर्षं बाई माझ्याशेजारी बसून फोडणीच करत होती, आणि मला चूल कधी माहीत नव्हती म्हणून कळलं नाही. मी तिथंच फरशीवर बसून रडलो. सूनबाई दारात उभी होती, ती आत आली नाही.

मग जोडायला घेतलं. तिखटापासून उलटं, मोहरीपर्यंत. गोळा उचलायला मुलगा आला, बाकी मी केलं. त्यानं मला डोक्याला बांधायचा दिवा आणून दिला होता. चांगला आहे, पण तो मी बघतो तिथंच बघतो. पुढचा नट मला अंधारातच चाचपावा लागला. दोन-तीनदा तोंडातून निघून गेलं, "जरा पुढं धर." मुलगा बिचारा म्हणाला, "काय धरू, बाबा?"

मोहरीची वाटी रिकामी झाली. तेल भरलं, गाडी खाली उतरवली.

"तुम्ही चालवा," मुलगा म्हणाला.

"मी नाही. तू जा. मी बाहेर उभा राहतो."

तो गल्लीच्या टोकाला गेला, वळला आणि माझ्यासमोरून जोरात गेला. मी कान दिले. इंजिनाचा आवाज होता, टायरांचा होता. मागून रडणं नव्हतं. तो परत आला, काच खाली केली. "बाबा, एकदम क्लिअर! टोवाल्याला कॅन्सल करतो."

मी खिडकीपाशी उभाच राहिलो. तो माझ्याकडं बघत राहिला. मी कशाची वाट बघतोय ते त्याला कसं कळणार? ते वाक्य आलं नाही. मग मी दार उघडून शेजारी बसलो.

"मंडईत," मी म्हटलं.

"काय?"

"ओक ट्री रोडला घे. घरातली मोहरी संपत आलीय."