काठीचं टोक

पाऊस पडत होता असं म्हणणंही चूकच. तो कुठून पडत नव्हता, नुसता होता. व्हर्जिनियाच्या उंच कुरणांवर ढग ठाण मांडून बसला होता आणि त्याच्या पोटातून मेलीन हॅचर पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालली होती. जॉर्जियापासून पार मेनपर्यंत जाणारी ती डोंगरवाट, दोन हजारांवर मैल. त्यातले पाचशे तिच्या बुटांखालून गेले होते.

मेलीनचं वय त्रेसष्ट. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना वाढलं, घरी आईला भरवलं. आयुष्यात काही म्हणून सलग झालं नाही. शिवायला घेतलेली रजई अर्धी, बागेतला वाफा अर्धा, पुस्तकात खूण घातलेलं पान महिनोन्महिने तेच. आई गेली, शाळेची नोकरी संपली, तेव्हा तिने ठरवलं, एक तरी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग करायची. मध्ये एक पाऊलही गाळायचं नाही. वाटेवर झाडांना वीतभर लांबीचे पांढरे पट्टे रंगवलेले असतात, चुकू नये म्हणून. मेलीन प्रत्येक पट्ट्यावर तळवा टेकवून पुढे जायची.

थोरली बहीण विल्डा हिला हे साफ नामंजूर होतं. "तुझं डोकं फिरलंय," ती म्हणाली होती. "एकटी बाईमाणूस, गुडघे असे! दर दहा दिवसांनी मी रस्त्यावर शिधा घेऊन येईन. पण ज्या दिवशी ठरल्या वेळेला दिसली नाहीस ना, त्या दिवशी वनरक्षकांना फोन, आणि तू गाडीत. मग रडायचं नाही."

"नाही रडणार," मेलीनने शब्द दिला होता.

आज ती वेळ होती, चार वाजता. फोन परवाच पाणी पिऊन मुका झाला होता.

अकराच्या सुमारास ती निवाऱ्याला पोचली. तीन भिंती, एक छप्पर, चौथी बाजू पावसाला मोकळी. रस्ता इथून दोन तासांवर. तिने पाठपिशवी टेकली, काठी भिंतीला उभी केली, मक्याच्या पोळीत शेंगदाण्याचं लोणी गुंडाळून खाल्लं. छपरावरचा आवाज कढईत बारीक आचेवर काही रटरटत असल्यासारखा. तिचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा साडेबारा झाले होते. ती निघाली.

आता धुकं इतकं दाट की झाडं एकेक करून जन्माला येत होती. आधी सावली, मग खोड, मग पट्टा. तळवा टेकवावा, की झाड पुन्हा विरघळून जाई. झुडपांची जांभळी फुलं वाटेवर गळून पडली होती, कुणीतरी लग्नाची वरात नुकतीच नेल्यासारखी. पायाचं दुखणं थांबलं होतं. आपण चालतोय की वाटच आपल्याखालून सरकतेय, कळेना. आई कुठेतरी बाजूच्या खोलीत भांडी लावतेय असं वाटत राहिलं.

कुरणावर एक रानटी शिंगरू उभं होतं, कपाळावर पांढरा डाग, चिंब. सकाळीही असंच एक भेटलं होतं. "तुझा भाऊ का रे तो?" मेलीनने विचारलं. शिंगराने कान हलवले. पुढे झऱ्यावर मोडकी फळी लागली. सकाळच्या झऱ्यावरही मोडकीच होती. किती झरे सारखे असतात, ती कौतुकाने मनात म्हणाली.

मग झुडपांच्या बोगद्यात, चिखलात, बुटाचे ठसे दिसले. समोरून आलेले. टाचेचा उजवा कोपरा तुटलेला. कुणा बिचारीची टाच तुटलीय, असं म्हणत ती चार पावलं गेली आणि थांबली. हळूच आपला बूट उचलून तिने तळवा पाहिला.

ती स्वतःच समोरून येत होती.

मेलीन ओल्या दगडावर बसली. या वाटेवर पट्टे दोन्ही बाजूंना सारखेच असतात. जातोय की परततोय ते झाड सांगत नाही. म्हणून जुने चालणारे बसायच्या आधी काठी जमिनीवर आडवी ठेवतात, टोक जायच्या दिशेला. तिने तीच भिंतीला उभी केली होती.

घड्याळात पावणेदोन. अशीच चालत राहिली तर अर्ध्या तासावर, सकाळी ओलांडलेला गाडीतळ होता. तिथे कुणीही भला माणूस गाडीत घेऊन वळशाने तिला विल्डापाशी चारच्या आत पोचवता. पण मग निवाऱ्यापासून रस्त्यापर्यंतचा तुकडा राहिला असता. पुन्हा एक अर्धी रजई. आणि उलट फिरावं तर पाच वाजणार, आणि चारला विल्डा फोन फिरवणार.

ती बराच वेळ ठशात साचलेल्या पाण्याकडे बघत बसली. मग उठली आणि आपल्याच ठशांवर पाय देत उलट निघाली.

अर्ध्या तासाने मागून कुणीतरी शीळ घालत आलं. 'लोणचं'. ओहायोचा निवृत्त पोस्टमन, काकडीच्या लोणच्याचं पाणी पितो म्हणून वाटेने त्याला दिलेलं नाव. इथे सगळ्यांना दुसऱ्यांनीच नाव द्यायचं असतं. मेलीनला मिळालेलं एकही तिने अजून घेतलं नव्हतं.

"अहो बाई! पहाटे तंबूतून बघितलं तुम्हाला जाताना. एव्हाना रस्त्यावर असायला हव्या होतात!"

"निवाऱ्यापर्यंत गेले होते. मग परत आले."

"काही विसरलात?"

"दिशा."

लोणचं इतकं हसलं की टोपीवरचं पाणी तिच्या अंगावर उडालं. "माझं तर स्मोकी डोंगरात अख्खा दिवस असं झालं होतं. बायकोला अजून सांगितलेलं नाही."

"तुमचे पाय लांब आहेत. एक काम कराल?" मेलीन म्हणाली. "रस्त्यावर निळ्या गाडीत माझी बहीण असेल, कपाळाला आठ्या घालून. चारच्या आत तिला सांगा, मी येतेय. चालत."

"एकतीस वर्षं निरोपच पोचवलेत मी. कुणी धाडला म्हणून सांगू?"

"मेलीन."

"छे. हा डोंगर एकाच दिवसात दोनदा चालणारी दुसरी कोण आहे? 'दोनदा'ने धाडलाय म्हणतो." आणि तो धुक्यात शिरला.

हे नाव तिने घेतलं. चालताना दोन-चारदा पुटपुटून पाहिलं. पायात बसणाऱ्या मोज्यासारखं ते बसलं.

सव्वापाचला झाडं संपली. निळी गाडी होती. विल्डा छत्री घेऊन बाहेर उभी होती, बूट चिखलात. वनरक्षक कुठे दिसत नव्हते. मागच्या सीटवर मात्र उशी होती, घरची, फुलाफुलांच्या अभ्र्याची, तिला घरी न्यायच्या तयारीने आणलेली. मेलीनने ती पाहिली.

"एक लांबुडका माणूस चारला दहा मिनिटं असताना आला," विल्डा म्हणाली. "माझी अर्धी मक्याची भाकरी खाल्लीन. म्हणे, तू मागे जाऊन परत आलीस. गाडीतळ जवळ असताना."

"हो."

"मूर्ख आहेस."

"हो."

विल्डाने थर्मासमधला राजम्याचा रस्सा ओतून दिला. मेलीन पिईपर्यंत तिने वाटी खालून धरून ठेवली.

"इथे कुठलं झाड तुझं?" विल्डाने अखेर विचारलं. "शेवटचं हात लावलेलं?"

मेलीनने पट्टा दाखवला. विल्डा छत्री सांभाळत गेली आणि आपला हातमोजा काढून तिने त्यावर तळवा टेकवला. "गार आहे," एवढंच म्हणाली.

मग परत येऊन तिने मागच्या सीटवर बहिणीची चिखलाची काठी उशीवर आडवी ठेवली, थोडी सरकवली, पुन्हा निरखून बघितली.

"मेन कुणीकडे गं?"

मेलीनने बोट दाखवलं. विल्डाने टोक तिकडे वळवलं.

"उद्या सातला इथेच आणून सोडते. अगदी इथेच," ती म्हणाली. "पण आज गरम पाण्याने अंघोळ करायची. अंगाला वास येतोय तुझ्या, दोनदा."